उत्तरेकडचं ऊन

आमच्या राजाला लहानपणापासून कुणी "नाही" म्हटलेलं नाही. राजा म्हणजे माझा धाकटा भाऊ. बाबांनी लाडाने ठेवलेलं हे नाव त्याला असं चिकटलं की पुढे तो आर्किटेक्ट झाला, डोक्यावरचे केस गेले, पोट सुटलं, तरी घरात तो राजाच राहिला. मीही तसंच म्हणत आले. आता तसं म्हणावंसं वाटत नाही, पण जिभेला लागलेलं वळण जात नाही.

मी जुनी चित्रं दुरुस्त करते. फाटलेली, धुराने काळवंडलेली, पुरात भिजलेली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुणीतरी हौसेने साबण लावून धुतलेली. धंदा बाबांचा. त्यांनी तो ज्या इमारतीत मांडला ती मूळची नकाशे काढणाऱ्या एका कंपनीची. कंपनी बुडाली तेव्हा बाबांनी ती पडत्या भावात घेतली, खाली बिऱ्हाड केलं आणि वर कामाची खोली. खोली कसली, दालनच ते. त्याची उत्तरेकडची अख्खी भिंत काचेची, लोखंडी चौकटीत बसवलेली. नकाशे काढणाऱ्यांना दिवसभर एकसारखा उजेड लागायचा, म्हणून त्यांनी तशी बांधून घेतली होती.

उत्तरेकडून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. त्यामुळे सकाळी लावलेला हिरवा संध्याकाळपर्यंत हिरवाच राहतो. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण आमचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. पिवळट उन्हात जुळवलेला रंग दुसऱ्या जागी नेला की उघडा पडतो. शर्टाला ठिगळ लावावं तसा दिसतो, आणि लोक चित्र सोडून ठिगळच बघत बसतात.

रंग जुळवायची बाबांची एक रीत होती. त्याला दोघं लागत. एक जण चित्रासमोर बसायचा आणि दुसरा चित्राकडे पाठ करून रंग कालवायचा. कालवणाऱ्याने मान वळवून बघायचं नाही. का, तर माणूस स्वतः कालवलेल्या रंगाच्या प्रेमात पडतो, आणि मग त्याला मूळ चित्रच चुकलंय असं वाटायला लागतं. म्हणून बघणारा सांगेल ते प्रमाण. राजाची नजर लहानपणापासून विलक्षण होती, त्यामुळे तो बघणारा आणि मी कालवणारी. त्याची बोलायची पद्धतही न्यारी. "ताई, हा जरा आजारी वाटतोय." मी कणभर पिवळा घालायची. "आता फार खूश झाला." मी थोडा काळा. "हं. आता घरचा वाटतो." की झालं. बाबा गेल्यावरही दर सुट्टीच्या दिवशी तो यायचा, बाह्या सरसावून चित्रासमोर बसायचा आणि मी त्याच्याकडे पाठ करायची. अशी किती वर्षं काढली कोण जाणे. त्याने सांगितलेला रंग एकदाही चुकला नाही, आणि मी एकदाही मान वळवली नाही.

बाबांनी माझ्या नावावर केलेली ती इमारत मात्र थकली होती. छप्पर गळत होतं. खिडकीचं लोखंड गंजून फुगलं, की काच तडकायची. एक दिवस सज्जाखालचा दगड सुटून फुटपाथवर पडला. कुणाला लागलं नाही हे नशीब. लगेच नगरपालिकेचा माणूस आला. इमारत जुनी, ऐतिहासिक, जपणुकीच्या यादीतली. तेव्हा त्याचं म्हणणं असं, की दुरुस्त करा, पण बदलू नका. लोखंड तसंच पाहिजे, काच तशीच, कौलंही तशीच. पाडायची तर नाहीच. आणि पैसे? ते आमच्याकडे मागू नका. म्हणजे मुलगी तुमची, लग्न आमच्या पसंतीने, खर्च तुमचा.

"ताई, आपल्याकडे पैसे नाहीत, पण हवा आहे," राजा एके दिवशी म्हणाला.

"हवा सगळ्यांकडेच असते. तुझ्या डोक्यात तर भरपूर."

"ऐक तर आधी. आपल्यापुढचा रस्ता रुंद आहे, म्हणून कायद्याने या जागेवर आठ मजले चढवता आले असते. आपली इमारत दोनच मजल्यांची. वरचे सहा आपण कधीच बांधू शकणार नाही, कारण ती जपायची आहे. बरोबर? तर ते न बांधलेले सहा मजले नगरपालिका आपल्याला हक्क म्हणून देते. तो हक्क आपण बिल्डरला विकायचा. त्याने तेवढं बांधकाम दुसरीकडे, त्याच्या इमारतीवर जास्तीचं चढवायचं. येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि त्यातून फक्त ही इमारत दुरुस्त करायची."

"जे बांधलंच नाही ते विकायचं?"

"हो."

"आणि घेणारा शुद्धीवर असतो?"

तो हसला. मलाही हसू आलं. पण मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी सरळ विचारली. "ही हवा जाणार कुठे? कुणी माझ्या खिडकीसमोर आणून ठेवली तर?"

"छे गं. शहराबाहेर जाते. तिकडे नव्या वसाहती होतायत, त्यांच्या डोक्यावर जाईल. तुझ्या खिडकीतला एक ढगसुद्धा जागचा हलणार नाही. त्या उजेडासाठीच तर हे सगळं करतोय ना आपण?"

त्या वेळी तो खरं बोलत होता असं मी अजूनही मानते. निदान मानायचा प्रयत्न करते.

मग कागद आले. आमच्याकडे बघणारा एक आणि करणारा दुसरा, ही रीत रंगापुरती राहिली नव्हती. ती आमच्या हाडात मुरली होती. कागद राजा बघायचा, बोट ठेवून "इथे" म्हणायचा आणि मी सही करायची. वाचून दाखव म्हणणं म्हणजे कालवताना मान वळवण्यासारखं झालं असतं. जगात दुसऱ्या कुठल्याही शहाण्या बाईने निदान चष्मा तरी लावला असता. मी चष्मासुद्धा काढला नाही पिशवीतून.

पैसा आला आणि काम सुरू झालं. इमारतीभोवती बांबूंची परांची बांधली गेली, खिडकी उतरवून लोहाराकडे गेली, आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडे राहायला गेले. मला नेहमी कामं देणाऱ्या संग्रहालयाच्या बाईंनी तोवर त्यांच्या तळघरात जागा दिली. तिथे दिव्याखाली साफसफाईचं काम करता येतं, रंगाचं नाही. त्यांनीच एक मोठं चित्रही सोपवलं. हिरवी शाल पांघरून बसलेली एक बाई. आगीत शालीचा खांद्याकडचा भाग जळून गेला होता. बाकी सगळं मी तळघरात उरकलं आणि तेवढा हिरवा माझ्या खिडकीसाठी राखून ठेवला. "तुमचं दालन तयार झालं की मगच," बाई म्हणाल्या. त्यांना घाई होती, नवं दालन त्या चित्राने उघडायचं होतं. तरी त्या थांबल्या. उजेडाची किंमत कळणारी माणसं थोडी असतात.

मधल्या काळात मी दोनदा कामावर डोकावले. राजा म्हणाला, "धूळ फार आहे, तुझा दमा उसळेल. तयार झालं की मीच नेतो." इमारतीच्या मागे, उत्तरेच्या अरुंद गल्लीत, बर्फाचा जुना कारखाना होता. तो पाडून तिथे खड्डा खणला होता. राजाने सांगितलं, तिथे चार मजले होणार. गल्ली अरुंद, म्हणून त्याहून जास्त परवानगी नाही. चार मजल्यांनी माझं काही बिघडत नव्हतं, मध्ये आमचं मोठं आवार होतं. मी निश्चिंत होऊन तळघरात परत गेले.

परांची उतरली त्या दिवशी राजा मला घ्यायला आला. इमारत खरोखर देखणी झाली होती. दगड धुतलेला, कौलं एका रेषेत, जिन्याचा कठडा गुळगुळीत. मला भरून आलं. बाबा असायला हवे होते असं मी म्हटलंसुद्धा. मग वर गेलो आणि राजाने दार उघडलं.

दालनात ऊन होतं.

आधी मला कळेचना काय चुकतंय. नवी काच, रंग दिलेलं लोखंड, पॉलिश केलेली जमीन, आणि जमिनीवर पिवळ्याधमक उन्हाचे चौकोन. ऊन उत्तरेकडून येत होतं. जन्मभर त्या खोलीत वावरले, पण त्या बाजूने ऊन आलेलं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीशी गेले तर समोर आभाळ नव्हतंच. मागच्या गल्लीत काचेने मढवलेली इमारत उभी होती, खिडकीच्या वरच्या चौकटीच्याही वर गेलेली. येताना मी नुसती आपली दगड-कौलंच बघत आले होते, मागे नजर गेलीच नव्हती. दक्षिणेचं सगळं ऊन ती अंगावर घेत होती आणि माझ्या खोलीत फेकत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"शहर वाढतंय ताई. आपण काय करणार?" राजा खिडकीच्या लोखंडाला हात लावून बघत म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"चार मजले म्हणाला होतास."

"परवानगी वाढवून घेतली असेल. बिल्डर लोक, तुला माहीतच आहे."

मी त्या बिल्डरला तोंडभर शिव्या दिल्या. राजाने मान हलवली, तोही चार शब्द बोलला. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून भांडायला निघाले. एकटीच. राजाला सांगितलं असतं तर तोच धावत गेला असता, असं मला वाटलं, आणि त्याला आणखी त्रास नको असंही वाटलं. माझ्यासारखी भोळी सांब दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.

साइटवरचा इंजिनिअर तरणा, हसऱ्या चेहऱ्याचा होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता सुरू केलं. चाराची परवानगी असताना इतके मजले कुणाच्या बापाला विचारून चढवले, हा माझा पहिला प्रश्न होता. दुसरा याहून वाईट होता.

त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग गोंधळून म्हणाला, "तुम्ही पुढच्या जुन्या इमारतीच्या ना? नकाशेवाल्या? अहो बाई, मग चौथ्याच्या वरचं सगळं तुमचंच आहे की."

"माझं म्हणजे?"

"म्हणजे हक्क तुमचा. आम्ही तुमच्याकडूनच घेतला ना. तुमचे भाऊ होते सगळ्या व्यवहारात. फार मदत केली त्यांनी." तो आणखी हसून म्हणाला, "आम्ही तर आपसात त्यांना ताईंचे मजलेच म्हणतो."

चांगला मुलगा होता. त्याला वाटलं मला आनंद होईल. मी ते पाणी प्यायले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं, आणि उठले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जमीन जागेवर होती, मी चालतही होते.

तशीच राजाच्या घरी गेले. तो जेवून आडवा झाला होता. मला बघताच उठून बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही कळलं.

"तू म्हणाला होतास, शहराबाहेर जाईल."

"तेव्हा तसंच ठरलं होतं, शपथ. मध्ये नियम बदलला. जवळपासही वापरता येईल असं झालं. बाहेरचा बिल्डर जो भाव देत होता त्यात तुझं निम्मं छप्परसुद्धा झालं नसतं गं. हा मागचा दुप्पट द्यायला तयार होता, कारण त्याला इथेच मजले हवे होते. मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय मग? इमारत पडली असती. बाबांची इमारत! दालन काय कामाचं, डोक्यावर छप्पर नसेल तर? आता बघ, शंभर वर्षं हलत नाही ती."

बोलणं ऐकणाऱ्याला पटेल असंच होतं. मलाही क्षणभर वाटलं, खरंच भाव मिळत नसेल, पोर कोंडीत सापडलं असेल. मी कुठे तरी त्याला माफ करायची जागा शोधत होते. तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. ती मनाने साधी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही.

"ताई, काल वर गेलो होतो आम्ही," ती कप ठेवत म्हणाली. "नव्या फ्लॅटवर. एका बाजूला टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला खाली तुमचं छप्पर! काय गोड दिसतात हो वरून ती कौलं. हे म्हणत होते, ताईला सरप्राइज देऊ."

राजाने तिच्याकडे असं पाहिलं की तिच्या हातातली साखर सांडली.

"कुठला फ्लॅट?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तसं नाही गं," राजा घाईने म्हणाला. "त्याने सवलतीत दिला, एवढंच. फी म्हणून समज. या धंद्यात सगळेच घेतात. तुझ्या खात्यातला एक पैसा इकडे आलेला नाही, हवं तर तपासून घे."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. चोरी केली असती तर मी पोलिसांत गेले असते आणि मोकळी झाले असते. याने चोरी केली नव्हती. माझे पैसे माझ्या इमारतीला लागले होते, नियम पाळले होते, सही माझी होती. फिर्याद करायची कुणावर? आणि परक्याने केलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय कळतंय उजेडातलं. याला कळत होतं. त्या खिडकीसमोर बसून तो वाढला होता. हिरव्यातला कणभर आजार ज्याला दिसायचा, त्याला हे दहा मजले दिसले नसतील? मला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. कशाची, ते सांगता येत नाही. त्याच्यावर इतका जीव लावल्याची असेल.

"चहा घ्या ना ताई," भावजय रडवेली होऊन म्हणाली. तिच्यासाठी मी दोन घोट घेतले.

रडत बसायला वेळ नव्हता, शाल बाकी होती. मी आधी पडदे लावून पाहिले. ऊन गेलं तसा उजेडही गेला. मग महागडे दिवे आणले, दिवसाच्या उजेडासारखा उजेड देतात म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेले. त्यांच्याखाली हिरवा जुळवला, भरला, मनासारखा झाला. बाईंना बोलावलं. त्यांनी चित्र खालच्या दारापाशी, उघड्यावर नेऊन धरलं. शालीच्या खांद्यावर ठिगळ होतं. त्या गेल्यावर मी सगळा रंग पुसून काढला.

"महिनाअखेरपर्यंत थांबू शकते," जाताना त्या म्हणाल्या होत्या. "पुढे मग मला दुसरीकडे द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका." दुसरीकडे एकदा चित्र गेलं की त्याच्यामागून बाकीचीही जातात, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. कोणत्याही संग्रहालयाला उजेड नसलेली दुरुस्तीवाली नको असते.

मग मला सुचलं, की छपराला वर एक काचेची पट्टी बसवू. वरून आभाळाचा उजेड येईल. मी नगरपालिकेच्या वारसा समितीच्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी बाई अदबीने बोलल्या, पण त्यांची मान आधीपासूनच नकारार्थी हलत होती.

"नाही हो. छपराला आता हात लावता येणार नाही."

"इमारत माझी आहे."

"आहेच की. पण तुम्ही हक्क विकलात ना? त्याच्या बदल्यात ती आहे तशीच ठेवायची हमी दिलीत. कायमची. खिडकी नाही, भोक नाही, वीटसुद्धा इकडची तिकडे नाही. तुमच्यानंतर जो मालक येईल त्यालाही तेच." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "तुमचं काम इतकं सुंदर झालंय! आम्ही सगळ्यांना त्याचं उदाहरण देतो. तुमच्या भावांचा सत्कारही ठेवलाय."

मी घरी येऊन दालनात बसले. दुपार होती. उत्तरेकडचं ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत होतं. इतकी नीटनेटकी, इतकी सुरेख खोली मी दुसरी पाहिलेली नाही, आणि तिच्यात मला एक रेघसुद्धा ओढता येत नव्हती. हवा विकून खोली वाचवली आणि ज्यासाठी वाचवली ते हवेबरोबरच गेलं. हे मी केलं होतं, स्वतःच्या हाताने, चष्मा न लावता.

महिना संपत आला तेव्हा राजा आला. इतके दिवस त्याचे फोन मी उचलले नव्हते. तो दारातच उभा राहिला, आत या म्हणेपर्यंत पाहुणा थांबतो तसा.

"ताई, माझ्याबरोबर चल. एक दाखवायचंय. मग हवं तर जन्मात बोलू नकोस."

कुठे ते मला कळलं होतं. जाऊ नये असं वाटत होतं आणि चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी चपला घातल्या.

फ्लॅटला अजून रंगाचा वास होता. राजाने मला बैठकीतून सरळ मागच्या खोलीत नेलं. खोली रिकामी होती. तिला उत्तरेला मोठी खिडकी होती, आणि तिच्यापुढे टेकड्यांपर्यंत काही म्हणजे काही नव्हतं. शांत, गार, एकसारखा उजेड खोलीभर भरून राहिला होता. मी नकळत हात पुढे धरला. माझा हात मला कितीतरी महिन्यांनी त्याच्या खऱ्या रंगात दिसला.

वाईट असता तर किती बरं झालं असतं. मी खोट काढायला टपूनच बसले होते. पण उजेडावर रागावता येत नाही. तो तोच होता, माझ्या खिडकीतला, फक्त आता इकडे राहायला आला होता.

"इथे काम कर," राजा म्हणाला. "किल्ली तुझ्याजवळच ठेव. आम्हाला ही खोली लागत नाही. चित्र वेळेत होईल तुझं. आणि हवं तर मी येत जाईन सुट्टीला, पूर्वीसारखा. तुझंच घर आहे असं समज."

"भाडं किती?" मी विचारलं.

"ताई, काय बोलतेस!"

"भावाचं घर असतं तर फुकट बसले असते. मी भाडेकरू म्हणून येणार आहे. माझं मी येईन, माझं मी जाईन, तू सुट्टीला यायचं नाहीस. तेव्हा भाडं सांग."

खरं सांगते, मी ते त्याला लागावं म्हणून बोलले होते. मला वाटलं, आता तरी तो भांडेल. म्हणेल, चुकलो, मार मला, पण असलं काही बोलू नकोस. आम्ही लहानपणी भांडायचो तेव्हा तो शेवटी असाच येऊन गळ्यात पडायचा. तसा तो आला असता तर मी पुढे काय केलं असतं, मला माहीत नाही. बहुधा सगळं सोडून दिलं असतं. मी खिडकीबाहेर बघत वाट पाहत राहिले.

मागे राजाने घसा साफ केला आणि आकडा सांगितला.

बाजारभावापेक्षा थोडा कमी होता.